वैजनाथभाऊंचा खर्ज

वैजनाथभाऊ आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. लांब मानेची, चार जाड तारांची गिटार. ती सगळ्यांनी पाहिली होती. ऐकली मात्र कुणी नव्हती.

त्याचं कारण मलकापुरात आम्हा सगळ्यांना पाठ होतं. भोंग्यातून खर्ज निघत नाही. पत्र्याच्या भोंग्यातून बाईचा आवाज निघतो, अकॉर्डियन निघतं, बोलणं तर फारच छान निघतं. पण खालचा, छातीत घुमणारा आवाज त्याला पेलत नाही. तारेवर बोट पडल्याची नुसती टकटक बाहेर येते. हे वैजनाथभाऊंनीच मला समजावून सांगितलं होतं. कुणी विचारलं की मीही तेच सांगत असे.

साल एकोणसत्तर-सत्तर. मी नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. हायस्कुलात तात्पुरता मास्तर होतो आणि 'मधुरंजन ऑर्केस्ट्रा'त निवेदन करत होतो. नारायणराव आमचे प्रमुख. नगरपालिकेत कारकून. ते अकॉर्डियन वाजवायचे. अँप्लिफायर, दोन भोंगे, माइक, बॅटरी, सगळं सामान त्यांचं. अँप्लिफायर त्यांच्या खुर्चीला चिकटून असायचा आणि त्याच्या बटणांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. गाणारी शैलजा, कोर्टातल्या बेलिफांची मुलगी. तिला एकटी पाठवायचं नाही म्हणून तिचा भाऊ सोबत यायचा, आणि आलाच आहे तर ढोलकी वाजवायचा.

वैजनाथभाऊ जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या यायच्या, ते वजन करायचे. संध्याकाळी भेटले की भुवयांत रुई अडकलेली असायची. भुसावळचा एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर देश सोडून निघाला, तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं. त्यात त्यांना ही गिटार मिळाली. तारा कशा लावायच्या, बोटं कुठं ठेवायची, एवढं त्या साहेबाने जाता जाता दाखवलं. बाकी सगळं त्यांनी रेडिओवरून बसवलं.

अशा गिटारीला पोट नसतं. मशीनला जोडल्याशिवाय ती बोलत नाही, आणि वैजनाथभाऊंच्या खोलीत मशीन नव्हतं. म्हणून ते गिटारीचा शेंडा लाकडी कपाटाच्या दाराला टेकवायचे. मग अख्खं कपाट घुमायचं. रेडिओवर गाणं लागलं की दाराला कान लावून ते त्याच्याबरोबर वाजवत जायचे. एकदा त्यांनी मलाही कान लावायला सांगितलं. गाणं रोजचंच होतं. पण त्याच्याखाली कुणीतरी जमीन अंथरून दिल्यासारखं वाटलं.

"कसं वाटते?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आत बसून वाजवताय असं वाटतं."

"कपाटात?"

"हो."

"मंग एखाद्या दिवशी कपाटच नेतो स्टेजवर," ते म्हणाले. "तू दार उघडजो, मी बाहेर येतो."

कार्यक्रमाला निघालो की ते वेगळेच माणूस व्हायचे. एस.टी.च्या टपावर सगळं सामान चढायचं, गिटार मांडीवर. उन्हात तारा ढिल्या पडतात. आपली वायर आपल्या पिशवीत, आणि एक नाही, दोन. गावात पोचल्यावर आधी जमीन पाहायची. ओली असली तर पायाखाली लाकडी पाट घ्यायचा, नाहीतर माइकला ओठ लागला की झटका बसतो. माइक भोंग्याच्या तोंडासमोर ठेवायचा नाही, शिट्टी मारतो. वायर गिटारीत खोचण्याआधी पट्ट्यात एकदा अडकवून घ्यायची, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी पट्टा ओढला जातो, गिटार वाचते. वाजवून झालं की तारा धोतराच्या जुन्या कापडाने पुसायच्या. घामाने गंज चढतो.

"आन् उभं कुठं राह्यचं?" ते मला विचारायचे, जणू मीच वाजवणार होतो.

"कुठं?"

"ढोलकीच्या धुमेकडे, जाड आवाजाच्या तोंडाकडे. धूम आन् आपली तार एकदम पडली पाह्यजे. गाणारी किती बी वर जाओ, आपण खालीच राह्यचं. आपण हललो तर सगळं घर हालते."

नांदुऱ्याच्या ऑर्केस्ट्रा पार्टीतला गिटारवाला त्यांच्याकडे हे असलं सगळं विचारायला यायचा. ते त्याला चहा पाजून शिकवायचे.

तालमीला मात्र गिटार जोडायची नाही, हा नारायणरावांचा आणखी एक नियम. "बॅटरी उतरते बाबा," ते म्हणायचे. मग वैजनाथभाऊ ढोलकीशेजारी बसून नुसती बोटं चालवायचे. ढोलकी आणि अकॉर्डियनच्या गलक्यात ते काय वाजवतात ते त्यांनाही ऐकू येत नसे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. घरी कपाट होतं.

एका गणपतीत त्यांचे वडील उकंडराव काही कामाने मलकापूरला आले होते. धाडजवळ कोरडवाडी म्हणून लहान गाव आहे, तिथे त्यांची शेती. ते कार्यक्रमाला थांबले. पुढच्या रांगेत मांडी घालून बसले. शेवटचं गाणं झाल्यावर स्टेजमागे आले.

"वैज्या, सगळे वाजवून राह्यले होते. तू काय करून राह्यला होता?"

"मी बी वाजवत होतो, बाबा."

"हात तर हालत होता तुहा. मले वाटलं, माशा हाकलून राह्यला."

आम्ही सगळे हसलो. वैजनाथभाऊही हसले. नारायणराव तेवढे हसले नाहीत. ते अकॉर्डियनचा पट्टा बांधत वाकले होते.

उकंडरावांनी ही गंमत गावात सांगितली. वाईट हेतूने नाही. पण गावाला तेवढं पुरतं. पुढच्या खेपेला वैजनाथभाऊ घरी गेले तेव्हा एस.टी.तून उतरल्याबरोबर एकाने विचारलं, "काय मग, मुका बाजा काय म्हणते?" नंतर ते नावच पडलं. उकंडरावांनाही लोक विचारू लागले, पोराच्या बाजाला कंठ फुटला का.

स्टेशनवर चहा पिताना वैजनाथभाऊ मला म्हणाले, "बापाले एकदा ऐकवायचं आहे. मंग तो चांगलं म्हणो का वाईट म्हणो. एकदा त्याच्या कानात गेलं पाह्यजे."

त्या हिवाळ्यात कोरडवाडीत लाइट येणार असं ठरलं. सरपंच स्वतः मलकापूरला आले. उद्घाटनाला ऑर्केस्ट्रा पाहिजे होता. नारायणरावांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गिटार आहे ना?" सगळेच तो विचारायचे. गिटार दिसल्याशिवाय लोकांना ऑर्केस्ट्रा आल्यासारखं वाटायचं नाही. "आन् गिटारवाला आमच्या गावचा आहे म्हणते," सरपंच म्हणाले. "त्याले पुढं उभा करा."

लाइट म्हटल्यावर वैजनाथभाऊंना एक गोष्ट सुचली. मलकापुरातला एक तंबूचा सिनेमा बंद पडला होता. त्याचं आवाजाचं मशीन आणि पडद्यामागचा मोठा कर्णा मालकाच्या गोठ्यात पडून होता. पत्र्याचा भोंगा नव्हे. हातभर रुंद, कागदी पडद्याचा. त्यातून खर्ज निघतो. पण मशीन लाइटीवर चालणारं, बॅटरीवर नाही, आणि आम्ही जायचो ती गावं बहुतेक अंधारी. आता त्यांच्याच गावात तारा ओढल्या गेल्या होत्या.

मालकाने सगळं वापरायला दिलं. वैजनाथभाऊंनी सुतार बसवून आंब्याच्या फळ्यांची पेटी केली, कमरेएवढी उंच. पहिल्यांदा लावली तर फळ्या खडखडल्या. मग त्यांनी आत रुई भरली, गादीत भरतात तशी पिंजून. खडखड गेली. रविवारी जिनिंगच्या आवारात आम्ही ती लावून पाहिली. त्यांनी एकच तार छेडली. गोदामाचा पत्रा थरथरला आणि वरची कबुतरं उडाली.

वैजनाथभाऊंनी तार हाताने दाबून धरली. मग आम्ही पोट धरून हसलो.

नारायणराव पेटी पाहायला आले. तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हे एवढं कशाला, वैजनाथ? शैलजाचा आवाज दबेल."

"कमी ठेवतो ना."

"बटण माझ्याकडे राहू दे."

"याचं बटण यालेच आहे. वायर तुमच्यापर्यंत येत नाही."

नारायणरावांनी पेटीची फळी बोटाने ठोकून पाहिली. मग म्हणाले, "आधी एकदा याच्यावर तालीम करू."

"सगळी गाणी पाठ हायेत माही."

"तरी."

तालीम ठरली. पण जिनिंगचा भर हंगाम होता. त्या संध्याकाळी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. वैजनाथभाऊ काटा सोडून येऊ शकले नाहीत. आम्ही त्यांच्याविना तालीम केली. नारायणराव सारखे दाराकडे पाहत होते. मला वाटलं, त्यांना उशिराचा राग आला आहे.

कोरडवाडीला आम्ही जिनिंगच्या रिकाम्या ट्रकमधून गेलो. पेटी दोरखंडाने बांधलेली, वैजनाथभाऊ तिला पाठ लावून बसलेले. शाळेसमोर मांडव होता. दुपारचं ऊन होतं तरी मांडवात दिवे लावायचे होते. वीज मंडळाच्या मोठ्या साहेबांनी बटण दाबलं, उन्हात दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी दिव्याला हात जोडून बसली.

उकंडराव पहिल्या रांगेत होते. नवं पागोटं, धुतलेला सदरा. शेजाऱ्यांना बोट दाखवून पेटी दाखवत होते.

"मास्तर," वैजनाथभाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "माहं नाव घेशील ना? बापाचं बी घेजो."

मी घेतलं. उकंडरावांचे चिरंजीव वैजनाथ, म्हणालो. आजवर भोंग्यात अडकलेला खर्ज आज तुमच्या गावात पहिल्यांदा मोकळा होतो आहे, म्हणालो. माझ्या मते ते चांगलं वाक्य होतं. उकंडरावांनी दोन्ही हातांनी पागोटं नीट केलं.

अकॉर्डियन सुरू झालं. ढोलकी आली. मग वैजनाथभाऊ आले.

तो आवाज कानाला आधी नाही लागला, पायांना लागला. मांडवाचे बांबू हलल्यासारखे वाटले. पुढं बसलेल्या पोरांनी छातीवर हात ठेवले आणि एकमेकांकडे पाहिलं. वैजनाथभाऊंनी मान वर केली होती, डोळे अर्धे मिटले होते. त्यांचा तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मग शैलजाने गायला सुरुवात केली.

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण ते कळायला काही लागत नव्हतं. ती एका वाटेने निघाली होती आणि खालची जमीन दुसऱ्याच वाटेने. तिने एक कान हाताने दाबला. डोळे मिटले. आवाज घसरत खर्जाकडे गेला, मग अकॉर्डियनकडे परत आला, मग कुठंच राहिला नाही. ओळ अर्धी टाकून ती थांबली.

क्षणभर नुसता खर्ज चालू होता. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, गोठ्यात पाहा रे कोणी, हेला काऊन हंबरून राह्यला!"

मांडव हसला. बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

वैजनाथभाऊ लगेच मशीनवर वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, काळजी होती. त्यांनी वायर काढून पुन्हा खोचली. पिशवीतली दुसरी वायर काढून लावली. पेटीला कान लावला. मला खूण करून बोलावलं.

"लाइन कमी-जास्त होऊन राह्यली. लोकायले सांग."

मी माइकवरून सांगितलं की विजेचा दाब कमी-जास्त होतो आहे, क्षमा असावी. साहेबांबरोबर आलेला वायरमन ताडकन उठला. "दाब एकदम बरोबर आहे!" तो म्हणाला. लोक आणखी हसले.

दुसरं गाणं लावलं. तसंच झालं. वैजनाथभाऊंनी तारा पिळून पाहिल्या, एक-एक करून कपाळ गिटारीला टेकवून ऐकल्या. तारा जुळलेल्या होत्या. त्यांना काहीच समजेना. ते पुन्हा पेटीकडे निघाले तेव्हा शैलजाने माइकवर तळहात ठेवला.

"वैजूभाऊ, वायर ठीक आहे."

"मंग?"

"तुम्ही रेडिओच्या पट्टीत वाजवता. मी त्या पट्टीत गात नाही. मला तितकं वर जात नाही. मी दोन पट्ट्या खाली गाते."

"कधीपासून?"

तिने माइकवरचा तळहात काढला नाही. "पहिल्यापासून."

वैजनाथभाऊंनी नारायणरावांकडे पाहिलं.

"तुमाले माहीत होतं?"

"कार्यक्रम होऊ दे, वैजनाथ."

"माहीत होतं का?"

"हो," नारायणराव म्हणाले.

मग वैजनाथभाऊंनी ढोलकीवाल्याकडे पाहिलं. त्याने ढोलकीची दोरी ओढायला घेतली. शेवटी माझ्याकडे.

"मास्तर, तुले?"

"नाही, भाऊ. शपथ."

ते खरं होतं. पण त्यांना ते खरं वाटलं नाही, हे मला दिसलं.

त्यांनी मशीनचं बटण फिरवलं. आतल्या काचेच्या नळ्यांचा लाल उजेड हळूहळू विझला. मला वाटलं ते आता स्टेजवरून उतरतील. ते उतरले नाहीत. सरपंचाने त्यांना पुढं उभं करायला सांगितलं होतं. समोर बाप बसला होता. ते ढोलकीच्या धुमेकडे जाऊन उभे राहिले आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बोटं चालवत राहिले. पेटी बंद होती. वायर लावलेली होती. उकंडराव त्यांच्या हाताकडे एकटक पाहत होते.

मी पुढची निवेदनं कशी केली ते आठवत नाही.

जेवण उकंडरावांच्या घरी होतं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. पंगतीत उकंडराव स्वतः तूप वाढत फिरत होते. त्यांच्या पावलात वेगळाच हुरूप होता.

"पह्यलं गाणं म्हणजे!" ते म्हणाले. "इथं धक-धक झालं, इथं." त्यांनी छातीवर मूठ आपटली. "सगळ्यायच्या वर तुहाच आवाज. मंग काऊन बंद केलं बे?"

"मशीन गरम झालं, बाबा."

"आन् लोकं कसे खूश झाले! हासून हासून लोळले. किती वर्षांनी पाह्यलं असं हासणं." ते नारायणरावांसमोर तुपाचं भांडं घेऊन वाकले. "घ्या नारायणराव. तुमच्यामुळं पोरगं शिकलं. म्या उगीच माशा-माशा म्हणत होतो."

नारायणरावांनी पानावर हात आडवा धरला. उकंडरावांनी त्यांचा हात बाजूला केला आणि तूप वाढलंच.

वैजनाथभाऊंनी भाकरीचा एक तुकडा मोडला होता. तो तसाच हातात होता. मी माझ्या ताटाकडे पाहत राहिलो. मान वर केली असती तर कुणाकडे पाहायचं, हे मला कळलं नसतं.

परतताना राजूरच्या घाटात ट्रक तापला. ड्रायव्हर पाणी आणायला गेला. कुणी खाली उतरलं नाही.

त्यानंतर वैजनाथभाऊ तालमीला आले नाहीत. नांदुऱ्याचा गिटारवाला त्यांच्या खोलीवर जाऊन आला. दार आतून बंद होतं, म्हणाला. जिनिंगमध्ये मी भेटायला गेलो की ते काट्याच्या मापावरून नजर काढायचे नाहीत. "गाडी उभी आहे, मास्तर," एवढंच म्हणायचे.

एका संध्याकाळी नारायणराव माझ्याकडे आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"पहिल्याच कार्यक्रमात ऐकलं मी," ते म्हणाले. "भोंग्यात अगदीच येत नाही असं नाही. थोडं येतं. बेसूर येत होतं, म्हणून बटण खाली केलं. मनात म्हटलं, कार्यक्रम झाल्यावर सांगू. कार्यक्रम झाला आणि हा माणूस गळ्यात पडला. म्हणाला, नारायणराव, आज पहिल्यांदा मी कुणाच्या तरी सोबत वाजवलं." त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकवला. "त्या दिवशी नाही सांगितलं. मग दुसऱ्या कार्यक्रमाच्या आधी सांगायला पाहिजे होतं. मग तिसऱ्या. मग सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की आजवर का नाही सांगितलं. आणि गिटार तर सगळ्यांना पाहिजे होती."

"टकटक ऐकू यायची," मी म्हणालो.

"तेवढी ठेवत होतो. संशय येऊ नये म्हणून."

मला ते आवडायचे. त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडे पाहवेना.

"रविवारी त्याच्याकडे जातो," ते म्हणाले. "तू चल. एकटं जाववत नाही."

रविवारी जिनिंग बंद होती. वैजनाथभाऊ आवारात एकटे होते. पेटी गोदामाच्या भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर पोतं टाकलेलं. नारायणरावांच्या खांद्यावर अकॉर्डियन होतं. त्यांना पाहून वैजनाथभाऊ उठले. बसायला पोती टाकली. कुणी माफी मागितली नाही. ती मागितली असती तर त्यांना क्षमा करावी लागली असती, आणि ते आणखी कठीण झालं असतं असं मला वाटलं.

"गिटार आण," नारायणराव म्हणाले.

ती खोलीवर नव्हती, तिथेच होती, पोत्याखाली. वैजनाथभाऊंनी मशीन लावलं. नारायणरावांनी अकॉर्डियनवर सूर धरला. "ही शैलजाची पट्टी. हा तिचा सा. तुझा हात कुठं जातो?"

वैजनाथभाऊंनी तार छेडली. सूर वेगळा पडला.

"दोन घरं खाली सरक."

मानेवरच्या आडव्या तारांमधली दोन घरं मोजून त्यांनी बोट सरकवलं. सूर अकॉर्डियनच्या सुरात जाऊन मिसळला, पाण्यात पाणी ओतावं तसा. त्यांनी ते परत केलं. मग पहिलं गाणं घेतलं, तेच, कोरडवाडीचं. सुरुवातीला हात सवयीने जुन्या जागी जायचा. ते थांबायचे, खाली सरकायचे. गाणं तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा ते कुठंच थांबले नाहीत. पत्रा थरथरत होता. खर्ज त्याच्या जागी होता. कपाटाला कान लावून मी ऐकला होता तोच, फक्त आता त्याच्या वर कुणीतरी होतं.

अर्धा तासही झाला नव्हता.

नारायणरावांनी भाता मिटला. वैजनाथभाऊ गिटारीच्या मानेकडे पाहत होते.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

नारायणराव भात्याचा पट्टा लावत राहिले.

"एवढंच सांगायचं होतं मले? दोन घरं?"

नारायणरावांनी अकॉर्डियन मांडीवरून उतरवलं आणि तोंड दुसरीकडे केलं. ते चांगले पोक्त गृहस्थ होते, आणि बाहीने डोळे पुसत होते. मी गेटाकडे चालत गेलो.

पुढच्या आठवड्यात वैजनाथभाऊ गावी जाऊन आले. परत आले त्या दिवशी स्वतःहून मला स्टेशनवर चहाला घेऊन गेले. कोरडवाडीनंतर पहिल्यांदाच.

"बापाले सांगतलं," ते म्हणाले.

"काय?"

"सगळं. तो गावभर सांगत फिरून राह्यला होता, पोराच्या बाजाले कंठ फुटला. ज्याले-त्याले घरी बोलावून सांगे. लोकं तोंडावर हो-हो म्हणत आन् मागं हासत. मले पाह्यवलं नाही. म्हटलं, बाबा, मी चुकीचं वाजवलं त्या दिवशी. मशीन गरम झालं नव्हतं. लोकं खुशीनं हासत नव्हते."

"काय म्हणाले?"

"आधी काही नाही. बैलाले पेंडी टाकत होता, ती टाकून घेतली. मंग म्हणे, म्हणजे ते तुले हासत होते?" वैजनाथभाऊंनी कप खाली ठेवला. "म्हटलं, हो. मंग म्हणे, आन् मले बी?"

फलाटावर मालगाडी उभी होती. ती हलायला लागली, तिचे डबे एकेक करून खडखडले. आम्ही ती पूर्ण जाईपर्यंत थांबलो.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? गप राह्यलो. त्यानं विचारलं, आता बरोबर येते का तुले? म्हटलं, येते. आता बरोबर येते. म्हणे, मंग झालं." त्यांनी रिकामा कप बशीत फिरवला. "पण असं म्हणताना त्यानं माह्याकडे पाह्यलं नाही, मास्तर. मंग मी दोन दिवस होतो घरी. रोज पारावर बसणारा माणूस, पण दोन्ही दिवस तो तिकडं गेला नाही."